'ओरिजिनल' आणि 'कॉपी' : दोन इंग्रजी शब्दांचा अर्थविचार

१

इ. स. १९४६ त अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विधि-विद्यालयानें आपल्या ग्रंथालयासाठीं लंडन येथील एका पुस्तकविक्रेत्याकडून एक जुनें चर्मपत्र विकत घेतलें. किंमत पडली अवघी २७ डॉलर ५० सेंट. इंग्लंडच्या इतिहासांत 'मॅग्ना कार्टा' या नांवानें जी सनद प्रसिद्ध आहे, तिची ही १३२७ सालीं केलेली 'कॉपी' असून ती कांहींशी घासलेली व ओल लागून डागाळलेली आहे, अशा आशयाचें वर्णन लिलावाच्या यादींत होतें. यादींत 'कॉपी' हा शब्द पडल्यावर त्या चर्मपत्राकडे विशेष लक्ष देण्याचें कोणास कारण उरलें नाहीं. पुढें ७७ वर्षांनीं, २०२३ च्या डिसेंबरांत, लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील प्राध्यापक डेव्हिड कार्पेंटर हे त्या ग्रंथालयानें प्रसिद्ध केलेलीं छायाचित्रें पाहत असतां त्यांस या वर्णनाविषयीं शंका आली. ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे प्राध्यापक निकोलस व्हिन्सेंट यांच्या साह्यानें त्यांनीं तपास केला, आणि मे २०२५ मध्यें निर्णय जाहीर झाला कीं, ही नक्कल नव्हे. पहिल्या एडवर्ड राजानें इ. स. १३०० त ही सनद पुन्हा कायम करून दिली, त्या वेळीं निघालेल्या अस्सल लेखांपैकींच हा एक आहे. त्या सालचे असे सहा लेख पूर्वीं ठाऊक होते, हा सातवा.

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांस ही हकीकत वाचून आनंद होईल, तशी थोडी धास्तीही वाटेल. चर्मपत्र कोठें हरवलें नव्हतें, कोणीं लपवून ठेवलें नव्हतें. तें एका नामांकित ग्रंथालयांत, यादींत नोंद होऊन, नीट जपून ठेवलेलें होतें. तें दृष्टीआड झालें तें एका शब्दामुळें. 'कॉपी' व त्याच्या जोडीचा 'ओरिजिनल' हे दोन शब्द इंग्रजी याद्यांत पदोपदीं येतात आणि आपण त्यांचें 'नक्कल' व 'अस्सल' असें भाषांतर करून मोकळे होतों. परंतु हे दोन्ही शब्द अनेकार्थी आहेत, आणि ते सर्वच अर्थीं एकमेकांच्या उलट नाहींत. हा भेद उलगडून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम 'कॉपी' हा शब्द घेऊं. याचें मूळ लॅटिन भाषेंतील 'कोपिया' या शब्दांत आहे. त्याचा अर्थ विपुलता, समृद्धि असा असून 'ऑप्स' म्हणजे संपत्ति या शब्दाशीं त्याचें नातें आहे. इंग्रजींतील 'कोपियस' म्हणजे विपुल या विशेषणांत तो जुना अर्थ अद्याप शिल्लक आहे. मग विपुलतेपासून नकलेपर्यंत हा शब्द आला कसा? 'कोपिया' याचा दुसरा अर्थ सवड, मुभा असा होता, आणि एखाद्यास लेख उतरून घेण्याची मुभा देणें या प्रयोगांत मध्ययुगीन लॅटिनमध्यें तो रूढ झाला. पुढें ज्याची मुभा द्यावयाची त्या उताऱ्यासच तो लागूं लागला. फ्रेंच भाषेंतून चौदाव्या शतकांत तो इंग्रजींत आला, आणि तेथें त्यास पुढील अर्थ येत गेले.

(अ) उतारा किंवा नक्कल. हा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे.

(आ) हक्काचा लेख. इंग्लंडांत गांवच्या जमीनदाराची जी न्यायसभा भरे, तिच्या दप्तरांत कुळाच्या जमिनीची नोंद होई आणि त्या नोंदीचा उतारा कुळाच्या हातीं देत. हा उतारा हीच त्याच्या हक्काची निशाणी; यावरून त्या धारणापद्धतीस 'कॉपीहोल्ड' असें नांव पडलें. १९२२ च्या कायद्यानें ही पद्धति मोडण्यांत आली आणि १ जानेवारी १९२६ पासून ती बंद झाली. येथें ज्यास 'कॉपी' म्हणत, तो कागद कुळाच्या दृष्टीनें हलक्या दर्जाचा मुळींच नव्हता. वादाच्या वेळीं तोच पुढें करावयाचा असे.

(इ) ज्यावरून उतरावयाचें तो लेख. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्यापुढें जो हस्तलिखित मजकूर ठेवतात, त्यास 'कॉपी' म्हणतात. वर्तमानपत्राच्या कचेरींत छपाईस द्यावयाच्या मजकुरासही हाच शब्द आहे. मुलांच्या 'कॉपीबुका'च्या माथ्यावर वळणदार अक्षराची जी ओळ असते आणि जी खालीं गिरवावयाची असते, तीही 'कॉपी'च. आपण तिला कित्ता म्हणतों.

(ई) छापण्याचा हक्क किंवा ज्यावर तो हक्क चालतो ती ग्रंथकृति. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीस १५५७ त राजाची सनद मिळाली. तिच्या सभासदानें ग्रंथ आपल्या नांवें नोंदविला म्हणजे ती 'कॉपी' त्याची होई. ॲन राणीच्या कारकीर्दींत १७१० सालीं ग्रंथस्वामित्वाचा जो पहिला कायदा अमलांत आला, त्याच्या लांबलचक नांवांतही 'कॉपी' हा शब्द याच अर्थानें आला आहे. 'कॉपीराइट' हा जोडशब्द यांतूनच निघाला.

(उ) छापील पुस्तकाची एकेक प्रत. पांचशें छापल्या तर पांचशें 'कॉपी'. येथें नकलेचा भाव नाहीं. पांचशेंपैकीं कोणतीही एक दुसरीची नक्कल नव्हे.

या पांच अर्थांपैकीं (अ) व (इ) हे समोरासमोर उभे करून पाहावे. एका अर्थानें 'कॉपी' म्हणजे उतरून झालेला लेख. दुसऱ्या अर्थानें 'कॉपी' म्हणजे ज्यावरून उतरावयाचें तो लेख. एकाच शब्दानें बाप व लेक या दोघांसही हांक मारावी, तसा हा प्रकार आहे.

३

आतां 'ओरिजिनल'. लॅटिनमध्यें 'ओरिरी' म्हणजे उगवणें व 'ओरिगो' म्हणजे उगम. त्यापासून निघालेल्या या शब्दाचे मुख्य अर्थ असे :

(अ) काळानें पहिला, आदिम. ख्रिस्ती धर्मशास्त्रांतील आदिपापाच्या कल्पनेस हेंच विशेषण लावतात.

(आ) ज्यावरून दुसरें कांहीं झालें तें मूळ. भाषांतराचें मूळ म्हणजे ज्या भाषेंतून तें केलें त्या भाषेंतील ग्रंथ. तसबिरीचें मूळ म्हणजे जिची तसबीर काढली ती व्यक्ति.

(इ) अधिकारानें सिद्ध झालेला लेख. ज्यावर देणाऱ्याची सही किंवा मोहर होऊन जो अमलांत आला तो. मराठींतील 'अस्सल' हा शब्द याला सर्वांत जवळचा.

(ई) प्रथम निघाली त्या स्थितींतील वस्तु. पुस्तकांच्या याद्यांत 'ओरिजिनल' बांधणी म्हणतात, तेव्हां पुस्तक निघालें तेव्हांची बांधणी, मागाहून बदललेली नव्हे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

(उ) स्वतंत्र बुद्धीचा. एडवर्ड यंग यानें १७५९ त स्वतंत्र रचनेचा गौरव करणारा निबंध प्रसिद्ध केला, त्यांत हा अर्थ ठळकपणें पुढें आला. एखाद्या विक्षिप्त गृहस्थासही इंग्रज लोक 'ओरिजिनल' म्हणतात.

शेवटचे दोन अर्थ क्षणभर बाजूस ठेवले, तर पहिल्या तिहींतील भेद संशोधकानें डोळ्यांत तेल घालून पाहावा असा आहे. पहिला अर्थ काळ सांगतो, दुसरा नातें सांगतो, तिसरा अधिकार सांगतो. या तिन्ही गोष्टी एकाच कागदांत एकवटलेल्या असतातच असें नाहीं, आणि सारा घोंटाळा तेथूनच सुरू होतो.

४

यावरून हे दोन शब्द परस्परविरोधी कोठें होतात तें ध्यानांत येईल. 'कॉपी'चा (अ) अर्थ आणि 'ओरिजिनल'चा (आ) किंवा (इ) अर्थ समोर आले, तरच तो विरोध खरा. इतर ठिकाणीं ते खुशाल एकत्र नांदतात. याचीं तीन उदाहरणें देतों.

पहिलें छापील ग्रंथाचें. शेक्सपियरचीं नाटकें त्याच्या मरणानंतर सात वर्षांनीं, १६२३ सालीं, त्याचे नटमंडळींतील सोबती हेमिंग्ज व कॉंडेल यांनीं एका मोठ्या पुस्तकांत एकत्र केलीं. त्याच्या मुखपृष्ठावर हीं नाटकें कशावरून छापलीं तें सांगतांना 'कॉपी' या नामाला 'ओरिजिनल' हें विशेषण लावलेलें आहे. आजच्या रूढ अर्थानें वाचल्यास हा वदतोव्याघात होतो; अस्सल नक्कल म्हणजे काय? परंतु 'कॉपी'चा तिसरा अर्थ घेतला कीं वाक्य सरळ लागतें : छपाईसाठीं पुढें ठेवलेला मजकूर हा मूळचा आहे, असें त्यांस सांगावयाचें होतें. त्याच पुस्तकांतील वाचकांस उद्देशून लिहिलेल्या मजकुरांत, पूर्वीं चोरून छापलेल्या सदोष पुस्तकांसही हाच शब्द योजला आहे. चांगल्या मुळास व वाईट उताऱ्यास एकच शब्द, आणि तोही एकाच ग्रंथांत.

दुसरें उदाहरण मॅग्ना कार्टाचेंच. जॉन राजानें जून १२१५ मध्यें रनीमीड येथें सरदारांस ही सनद दिली. तिच्यावर राजाची सही नाहीं. लेख लिहून त्यास मोहर लावावयाची, अशी त्या काळची चाल. राजाच्या लेखनशाळेंत असे अनेक लेख तयार होऊन ठिकठिकाणीं गेले. त्यांतील चार आज उरले आहेत : दोन ब्रिटिश लायब्ररींत, एक लिंकन येथें व एक सॉल्झबरी येथें. यांतील कोणता लेख मूळ व कोणते त्याचे उतारे असें विचारल्यास उत्तर नाहीं. चौघांचाही अधिकार सारखाच. ज्यावरून बाकीचे निघाले अशी एकच मुख्य सनद मानण्यास आधार नाहीं. इंग्रजी लेखक यांस कधीं चार 'ओरिजिनल' म्हणतात, कधीं चार 'कॉपी' म्हणतात, आणि दोन्ही बरोबर आहे. एक प्रयोग अधिकाराच्या अर्थानें, दुसरा प्रतीच्या अर्थानें.

तिसरें अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचें. तो ४ जुलै १७७६ रोजीं मंजूर झाला आणि त्याच रात्रीं जॉन डनलॅप या मुद्रकानें तो छापण्यास घेतला. ज्या हस्तलिखितावरून त्यानें छापलें तें आज उपलब्ध नाहीं. चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरांत लेख तयार करण्याचा ठराव १९ जुलैस झाला, आणि त्यावर बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टला झाल्या. आज लोक ज्यास मूळ जाहीरनामा म्हणून पाहावयास जातात, तो हा सह्यांचा लेख. अधिकारानें तोच अस्सल. पण काळानें तो छापील कागदांच्या मागून आलेला. 'ओरिजिनल'चे (अ) व (इ) हे अर्थ येथें स्पष्टच फांकले आहेत.

५

आतां हार्वर्डच्या चर्मपत्राकडे पुन्हा वळूं. यादी करणाऱ्यास सनदेचा मजकूर ओळखतां आला होता. चूक झाली ती वर्षाची व दर्जाची. पहिला, दुसरा व तिसरा असे एडवर्ड नांवाचे तीन राजे इंग्लंडांत पाठोपाठ झाले. तिसऱ्याची कारकीर्द १३२७ त सुरू झाली. तेव्हां नुसत्या नांवावरून काळ ठरविणें धोक्याचें होतें. आणि एकदां काळ १३२७ ठरला, म्हणजे १३०० ची सनद 'कॉपी' होणें क्रमप्राप्तच. एका चुकीनें दुसरीस जन्म दिला.

निर्णय फिरला तो कागदाच्या अंगच्या पुराव्यानें. चर्मपत्राचें माप ४८९ मिलिमीटर व ४७३ मिलिमीटर भरलें. तें पूर्वीं ठाऊक असलेल्या सहा लेखांच्या मापाशीं जुळलें. आरंभींचें 'एडवर्ड' या नांवाचें मोठें आद्याक्षर आणि पहिल्या ओळींतील उंच ताणलेलीं अक्षरें हीं राजाच्या लेखनशाळेच्या पद्धतीचीं निघालीं. पुसट झालेला मजकूर अतिनील प्रकाशांत व निरनिराळ्या वर्णांच्या प्रकाशांत छायाचित्रें घेऊन वाचण्यांत आला, आणि तो इतर सहा लेखांशीं शब्दशः ताडून पाहिला असतां मिळाला. म्हणजे माप, वळण व पाठ अशा तीन स्वतंत्र साक्षी एकाच बाजूनें पडल्या. यादींतील एका शब्दाविरुद्ध जावयाचें तर एवढा पुरावा लागतो. परंतु तो शब्द लिहितांना मात्र त्याचें कारण नमूद केलेलें नव्हतें.

यावरून नक्कल म्हणून नोंदलेला प्रत्येक कागद अस्सल निघेल, असा उलट भ्रमही कोणीं करून घेऊं नये. आणि नक्कल म्हणजे टाकाऊ असेंही समजूं नये. २३ ऑक्टोबर १७३१ रोजीं लंडनमध्यें कॉटनच्या प्रसिद्ध हस्तलिखितसंग्रहास आग लागली. माल्डनच्या लढाईवरील जुन्या इंग्रजी काव्याचें एकमेव हस्तलिखित तींत नष्ट झालें. आगीपूर्वीं कोणीं उतरून घेतलेली नक्कल होती म्हणून तें काव्य आज वाचावयास मिळतें. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या चार लेखांपैकीं एकास त्याच आगीची झळ लागली. जॉन पाइन यानें १७३३ त त्याचें कोरीव चित्र करून छापलें. पुढें मूळ लेख दुरुस्तीच्या प्रयत्नांत अधिकच बिघडून जवळजवळ वाचेनासा झाला. तेव्हां अस्सलाचें रूप आतां नकलेस विचारावें लागतें.

६

हा सर्व विचार आपल्याकडील संग्राहकांसही लागू आहे, कारण मराठ्यांच्या इतिहासाचीं पुष्कळ साधनें इंग्रजी दप्तरांत आहेत आणि त्यांच्या याद्यांची परिभाषा इंग्रजी आहे. शिवकालीन इंग्रजी कागदांचा संग्रह १९३१ त पुण्यास प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून 'ओ. सी.' ही खूण आपल्या अभ्यासकांच्या परिचयाची झाली आहे. तिचें पूर्ण रूप 'ओरिजिनल करस्पाँडन्स', म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींतून विलायतेस पोंचलेला पत्रव्यवहार. पण जहाज बुडण्याचें भय असल्यानें एकच पत्र वेगवेगळ्या जहाजांनीं दोन वेळां धाडीत. अशीं दुबार पत्रें व उतारेही त्या मालिकेंत आहेत. म्हणून 'ओ. सी.' या खुणेवरून मालिका कळते, त्या कागदाचा दर्जा कळत नाहीं. तो प्रत्येक पत्रापुरता वेगळा पाहावा लागतो.

आपले मराठी शब्दही या दोषापासून मुक्त नाहींत. 'अस्सल' हा अरबी 'असल' म्हणजे मूळ यावरून आला. 'नक्कल' हा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेणें या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. जुन्या पत्रांत नकलेस 'तालीक' असाही शब्द सांपडतो. 'प्रत' हा शब्द तर 'कॉपी'सारखाच बहुरूपी आहे : ज्यावरून उतरलें ती मूळ प्रत, उतरून झाली ती दुसरी प्रत, छापील पुस्तकाची ती प्रत, आणि बाजारांत तांदूळ उत्तम प्रतीचा.

दप्तरांची जुनी व्यवस्था पाहिली म्हणजे हा प्रश्न अधिक नाजूक होतो. इनामाच्या सनदांच्या शेवटीं पुष्कळदां अशी आज्ञा असते कीं, अंमलदारांनीं या पत्राची प्रत लिहून ठेवावी व मूळ पत्र धारकास भोगवट्यासाठीं परत द्यावें. त्यामुळें अस्सल पत्र इनामदाराच्या घरीं आणि नक्कल दप्तरीं, अशी वांटणी सनद निघाली त्याच सुमारास झाली. ही दप्तरची नक्कल समकालीन असून ती सरकारी आज्ञेनें झालेली आहे. हीच सनद पुढें दोन-तीन पिढ्यांनीं तंट्यासाठीं एखाद्या कारकुनानें उतरून दिली, तर तीही नक्कलच. दोहींस यादींत एकच शब्द लावला, तर पहिलीवर अन्याय होतो आणि दुसरीस नसतें वजन येतें.

पोथ्यांच्या बाबतींत तर 'अस्सल' हा शब्द वापरण्यासच फार थोडी जागा आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ त झाली आणि एकनाथांनीं शके १५०६ त ती शुद्ध केली. तिच्या ज्या पोथ्या आपण जपतों त्या उताऱ्यांचे उतारे होत. तेथें 'मूळ' म्हणजे कागद नव्हे, पाठ. आणि तो पाठ अनेक पोथ्या ताडूनच शोधावा लागतो. तेथें अस्सल कोणती हा प्रश्न नसून, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हा प्रश्न आहे.

७

म्हणून संग्राहकांस व यादी करणाऱ्यांस एवढीच विनंति आहे कीं, 'अस्सल' किंवा 'नक्कल' असा एकेरी शेरा मारून थांबूं नये. नक्कल म्हणावयाचें तर ती कशाची, कोणाच्या हातची, केव्हांची आणि कोणत्या कामासाठीं केलेली, या चार प्रश्नांचीं उत्तरें जेवढीं सांपडतील तेवढीं लिहावीं. न सांपडल्यास जागा मोकळी ठेवावी. अस्सल म्हणावयाचें तर तें काळानें, नात्यानें कीं अधिकारानें, हें सांगावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, हा निर्णय कागदावरील कोणत्या खुणेवरून केला तें जवळच टिपून ठेवावें : मोहर उमटलेली आहे कीं तिचा मजकूर नुसता हातानें उतरला आहे, अक्षर एका हातचें आहे कीं शेवटचा शेरा निराळ्या हातचा आहे, कागदाची लांबीरुंदी काय आहे. यास चार ओळी अधिक लागतील. परंतु पुढील अभ्यासकास आपला निर्णय तपासतां येईल आणि आपली चूक असल्यास सुधारतां येईल.

हार्वर्डच्या चर्मपत्राचें नशीब थोर, कीं तें यादींत चुकीच्या नांवानें कां होईना, पण जपून ठेवलेलें होतें. आपल्याकडील घरोघरच्या दप्तरांस तेवढी निश्चिंती नाहीं. 'नुसती नक्कल आहे' म्हणून जो रुमाल आज माळ्यावर टाकला जाईल, तो ७७ वर्षें वाट पाहील असा भरंवसा कोणीं द्यावा? तेव्हां तो पुन्हा बांधून ठेवण्यापूर्वीं एकदां सोडून, उजेडांत धरून, पाहिलेला बरा.